मूठभर जुना कापूस

गल्लीत कापूसकाकांना ओळखायला दोन खुणा पुरे होत्या. एक म्हणजे पापण्यांपासून चपलांपर्यंत चिकटलेला कापूस, आणि दुसरी म्हणजे देवीच्या वणांनी चाळण झालेला चेहरा. लहानपणी घरात देवी आल्या, त्यात त्यांची दोन भावंडं गेली आणि हे राहिले. "राहिलो ते गाद्या पिंजायला," असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती, तिथे त्यांचं काम चाले. दबून दगड झालेल्या गादीची खोळ उसवायची, कापूस बाहेर काढायचा, पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातेवर दांडक्याचा ठोका देत तो पिंजून हलका करायचा आणि परत खोळीत भरून दाभणाने टाके घालायचे. ऐकायला सोपं आहे. पण माणसं आयुष्याचा तिसरा हिस्सा गादीवर घालवतात आणि गादीच्या पोटात काय आहे ते एकदाही बघत नाहीत. ते बघायचे काका. कोण एकाच कुशीवर झोपतं, कोणाच्या घरात नवराबायको पाठ फिरवून निजतात, कोणाचं पोर अजून अंथरूण ओलं करतं, हे सगळं त्यांना गादी उसवली की दिसे. पण कोणी कितीही खोदून विचारलं तरी काका ताकास तूर लागू देत नसत. गादीतलं गादीतच राहिलं पाहिजे, ही त्यांच्या बापाची शिकवण होती.

बापाने आणखी एक गोष्ट शिकवली होती. ज्या घराची गादी पिंजायला येईल, तिच्यातला मूठभर जुना कापूस बाजूला ठेवायचा आणि त्याच्या बदल्यात आपला नवा मूठभर घालायचा. त्या मुठी एका गोणीत जमवायच्या. आपल्या घरात मूल झालं की त्याची गादी या मुठींचीच करायची, म्हणजे गावातल्या प्रत्येक घराची झोप त्या मुलाच्या वाट्याला येते. गल्लीत सगळ्यांना ही रीत माहीत होती. एखादी सासुरवाशीण म्हणायची, "काका, आमची मूठ काढून ठेवू नका हो, आमच्या घरात कोणाला झोपच नाही." काका म्हणत, "मग तुमची मूठ उशाला घालतो, पायाशी नको."

त्यांच्या नातीची पहिली गादी या मुठींचीच होती. तिचं नाव काहीही असो, काका तिला बोंडी म्हणत. कापसाचं बोंड फुटल्यावर दिसतं तशी ती जन्मल्या दिवशी दिसली होती म्हणे. बोंडीचा बाप ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणून काकांची लेक माहेरीच राहायची, आणि बोंडी शेडमध्येच वाढली. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात शिरायचं, डोकं बाहेर काढून "भॉक" करायचं, आणि आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या गालावरच्या एकेका खळग्यात बोटाने कापूस भरत बसायचं, हा तिचा उद्योग. "काय चाललंय?" असं विचारलं की म्हणायची, "भोकं बुजवते." तास न् तास बुजवायची. काका काम सोडून तोंड पुढे करून बसत. ज्या चेहऱ्याकडे लोक चोरून बघत, त्या चेहऱ्याची कोणी इतकी खुशाल मरम्मत करावी याचा त्यांना आनंद होता, आणि तो लपवायचं त्यांना सुचतही नसे.

लसवाल्या बाई गल्लीत आल्या तेव्हा बोंडी दोन वर्षांची होती. बाईंच्या हातात बर्फाची पेटी आणि टोकाशी दुभंगलेली सुई. दोन टोकांच्या मध्ये लसीचा थेंब धरायचा आणि दंडावर भराभर टोचायचं. फोड येतो, खपली धरते, खपली पडते आणि जन्माचा वण राहतो. त्या एका वणावर माणूस देवीपासून सुटतो. त्या दिवशी नेमका बोंडीला ताप होता. बाई म्हणाल्या, "तापात नको. उतरला की केंद्रावर घेऊन या." ताप उतरला. केंद्र सकाळी उघडं असायचं, आणि सकाळची हवा कोरडी असली की कापूस छान फुलतो, म्हणून काका सकाळी शेड सोडत नसत. लेक म्हणायची, "बाबा, तिला टोचून आणायचीय." काका म्हणायचे, "उद्या." त्या उद्याला पुढे दोन वर्षं झाली. गावात कैक वर्षांत देवीचा रोगी कोणी पाहिला नव्हता. मग घाई कोणाला असणार? गल्लीत निम्म्या घरांचं असंच चाललं होतं, त्यामुळे एकट्या काकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ती त्यांनी स्वतःला पुढे भरपूर ठेवली.

बोंडी चार वर्षांची झाली आणि तिचे पाय गादीच्या बाहेर जायला लागले. नवी, मोठी गादी करायची ठरली. गोणीत मुठी बऱ्याच साठल्या होत्या, थोड्या कमी पडत होत्या. त्याच सुमाराला कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकूंकडून एक गादी पिंजायला आली. त्यांच्या सासूबाई नुकत्याच वारल्या होत्या. ताप आला आणि वय झालेलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. गादी भारी होती, जाड, चांगल्या खोळीची. काकांनी उसवली आणि नाक मुरडलं. आतल्या कापसात जागोजागी बारीक तपकिरी कण अडकले होते. सरकीची फुटकी टरफलं, दुसरं काय? हलक्या कापसात ती असतातच. "एवढी मोठी भट्टी, आणि कापूस बघा कसला घेतलाय," ते लेकीला म्हणाले. "वरून खोळ झकपक, आत सगळी सरकी."

"तुम्हाला काय करायचंय, बाबा?" लेक म्हणाली. "पिंजा आणि द्या."

त्यांनी पिंजला. दार लावून, कारण बाहेर वारा होता. शेडभर तो कापूस उडत होता, आणि त्या हवेत तिघं होती. काका दांडका चालवत होते, लेक खोळीला टाके घालत होती आणि बोंडी ढिगात शिरून "भॉक" करत होती. काकांना देवी येऊन गेल्या होत्या. लेकीच्या दंडावर लहानपणीच्या लसीचा वण होता. बोंडीचा दंड मात्र कोरा होता. तिघांनी एकाच हवेत श्वास घेतला, आणि त्यातल्या एकीलाच तो बाधायचा होता. शेवटी काकांनी रीतीप्रमाणे मूठ काढली, नवी मूठ घातली, आणि बोंडीची गादी पुरी केली. "बघ," ते म्हणाले, "आता बेकरीवाल्यांचीसुद्धा झोप तुझी."

पुढचे पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी बोंडी उठलीच नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं, पाठ दुखते म्हणून रडणं, पाण्याचा घोटसुद्धा पोटात टिकेना. तीन दिवसांनी ताप जरा खाली आला, लेकीने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच दिवशी पोरीच्या कपाळावर, मनगटांवर पुरळ दिसलं. शेजारची म्हणाली, "कांजिण्या आहेत, जातील." काकांनी बोंडीची मूठ उघडली. तळहातावर, कातडीच्या खाली, कठीण मणी आल्यासारखे उंचवटे होते. त्यांनी तळपाय बघितला, तिथेही तेच. कांजिण्या पोटापाठीवर दाटतात आणि तळव्यांना सहसा सोडून देतात. हे मणी काकांच्या बोटांना ओळखीचे होते. धाकट्या भावाचा हात त्यांनी असाच धरला होता.

"बाईंना बोलाव," ते लेकीला म्हणाले. "पळत जा. आणि वाटेत कोणाच्या दारात थांबू नकोस."

लसवाल्या बाई आल्या, त्यांनी बोंडीचे तळवे उलटून बघितले. मग कामाला लागल्या. दारावर पहारा बसला. ज्यांच्या दंडावर ताजा वण नाही अशा कोणीही आत यायचं नाही. काकांना आणि लेकीला त्यांनी पुन्हा टोचलं, काकांना नुसतंच, मनाच्या समाधानासाठी. बोंडीला टोचून आता उपयोग नव्हता.

"अंगावर पुरळ उठेपर्यंत हा रोग सहसा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "पण हिला कुठून लागला ते कळायला हवं, काका. जवळपास एकही रोगी नाही. कोणाकडे गेली होती? कोण आलं होतं? आठवा."

काकांनी आठवून आठवून डोकं शिणवलं. बोंडी शेडच्या बाहेर जातच नव्हती.

फोड भरत गेले तसं पोरीला कोणत्याच कुशीवर पडवेना. तिचा आवाज बसला होता. तरी ती एकच तक्रार करत होती. "आजोबा, गादी टोचते."

काकांच्या हातची गादी टोचते असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. फोडांनी टोचत असणार हे त्यांना कळत होतं, पण पोर म्हणते आहे तर बघायला नको का? आपल्याकडून सरकी राहिली असेल. त्यांनी तिला लेकीच्या मांडीवर दिलं, गादी शेडमध्ये नेली, उसवली आणि दिव्याखाली चाचपायला घेतली. उशाच्या बाजूला एक तपकिरी कण सापडला. त्यांनी तो सवयीने नखावर घेऊन दाबला. सरकीचं टरफल नखाखाली कटकन तुटतं. हा कण तुटला नाही. त्याचा भुगा झाला.

काकांनी दिवा जवळ ओढला. असला भुगा त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. लहानपणी, बरे होत असताना, स्वतःच्याच चादरीवर. हातावरच्या खपल्या गळत होत्या आणि आई त्या गोळा करून जाळत होती. गावात कोणाला नसेल इतकी ओळख त्यांना त्या खपलीची होती, आणि नेमकी त्यांनाच ती सरकी वाटली. चाळीस वर्षं कापसात सरकी बघितलेल्या डोळ्यांना दुसरं काही दिसेलच कसं?

ते बाईंना म्हणाले, "कळलं कुठून लागला ते. आणि ऐका, बेकरीची गादी पिंजल्यावर त्याच शेडमध्ये मी आणखी गाद्या केल्यात. कोणकोणाच्या ते मला माहीत आहे. चला."

"तुम्ही थांबा नातीजवळ. मला घरं सांगा, मी जाते."

"तुम्हाला दार उघडणार नाहीत, बाई. मला उघडतात."

ते खरं होतं. लसवाल्यांना बघून लोक माळ्यावर चढत, मागच्या दाराने पळत, पोरांना पेटाऱ्यात लपवत. कापूसकाका मात्र प्रत्येकाच्या अंथरुणापर्यंत गेलेला माणूस. त्यांनी आंघोळ केली, बाईंनी दिलेले उकळलेले कपडे चढवले आणि ते गल्लीत निघाले. प्रत्येक दारात तेच बोलले. "माझ्या हातून तुमच्या घरात देवी आली असेल. गादी बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांनी दंड पुढे करा." लागण झाल्यापासून चार दिवसांत टोचलं तरी माणूस वाचतो, असं बाई मागून सांगत. कोणी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्याने काठी उगारली. एक नवी नवरी गादी कवटाळून रडायला लागली, ती तिच्या आईने पाठवलेली होती. काकांनी तिच्या हातातून ती ओढून घेतली. जन्मभर ज्यांच्या गाद्या भरल्या त्यांच्या गाद्या आता ते रस्त्यावर ओढत होते, आणि लोक त्यांच्या सावलीपासून दूर होत होते.

दोन टोचण्यांच्या मध्ये, जिन्यात, त्यांनी बाईंना हळूच विचारलं, "गादी शिवली त्या दिवशी तिला लस टोचली असती, तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी सुई पुसली. "तर बहुधा वाचली असती," त्या म्हणाल्या.

बेकरीचा जिना त्यांनी शेवटी चढला. भट्टीतून पावाचा वास येत होता. काकूंनी दार उघडलं, काकांना बघितलं, मागे बाईंची पेटी बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सासूबाई कशाने गेल्या?" काकांनी विचारलं.

काकू दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. "बहिणीकडून आल्या तेव्हाच अंगात ताप होता. मग पुरळ उठलं. सांगितलं असतं तर भट्टीला कुलूप लागलं असतं, काका. आमच्या हातचा पाव कोणी घेतला असता? आमच्या घरातली सगळी टोचलेली आहेत, कोणाला काही झालं नाही."

"आणि गादी? जाळायची नाही?"

"गादी जाळली असती तर लोकांनी विचारलं असतं का जाळली म्हणून." काकूंच्या डोळ्यांतून आता पाणी वाहायला लागलं. "तुमच्याकडे द्यायच्या आधी मी विचार केला होता हो. दुसऱ्या कोणाकडे दिली नसती. तुम्हाला तर देवी येऊन गेल्यात. म्हटलं, काकांना काय होणार? ती मूठ माझ्या डोक्यातच आली नाही. शपथेवर सांगते, ती मूठ डोक्यात आली नाही."

जिना चढताना काकांना वाटलं होतं की आपण हिचा गळा धरू. पण त्यांचा हात उठला नाही. काकूंनी त्यांचा चेहरा बघून, हा वाचेल अशी खात्री करून गादी पाठवली होती. म्हणजे त्या माउलीने काळजीच घेतली होती. असल्या काळजीवर माणसाने काय बोलावं? "दंड पुढे करा," एवढंच ते म्हणाले. काकूंनी दंड पुढे केला.

खाली आले तेव्हा त्यांची लेक घराच्या उंबऱ्यात बसलेली दिसली. पहारेकरी खाली मान घालून उभा होता. काकांनी उंबरा ओलांडला. आत बोंडी लेकीच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर निजवलेली होती, जमिनीवर. गादी उसवलेली होती ना, ती शेडमध्येच राहिली होती. जाताना पोरीला गादी मिळाली नाही हे काकांच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही. मिळाली असती तर तीच मिळाली असती, हेही त्यांना कळत होतं. दोन्ही गोष्टी एकदम मनात घेऊन माणूस कसा जगतो ते त्यांना विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

तिला नेल्यावर गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत सगळ्या गाद्या जाळल्या. बोंडीची जाळली, बेकरीची जाळली, आणि मुठींची गोणीही जाळली. गोणी खरं तर जाळायला नको होती, बाई म्हणाल्या की कापूस उकळून उन्हात टाकला तर चालेल. काकांनी ऐकलं नाही. बापाच्या काळापासून जमलेली गावाची झोप धूर होऊन गेली.

गल्लीत दुसरा एकही रोगी झाला नाही. ज्या घरांच्या दारांत काका उभे राहिले, त्या सगळ्या घरांतली पोरं वाचली, धडधाकट वाढली, आणि काका रस्त्याने निघाले की त्यांना सलाम करत. काका त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नसत. धनुकली त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. देवीच्या रोग्याचं चित्र घेऊन ते बाईंबरोबर वाड्यावस्त्यांवर हिंडले. "असं कोणी दिसलं का?" असं विचारत, आणि विचारून झालं की घरातल्या अंथरुणाकडे बघत. दुसऱ्याचं पोर दंड चुकवून पळालं तर त्याला धरून आणत आणि बापावर ओरडत, "उद्या म्हणू नका."

पुढे काही वर्षांनी बाई मुद्दाम घरी सांगायला आल्या की देवी संपल्या. नुसत्या इथल्या नाहीत, जगातल्या. काकांनी ऐकून घेतलं. "तिला फार घाई झाली," एवढं म्हणाले आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

लेकीला दुसरी मुलगी झाली ती त्यानंतर. तिला बाजारातली तयार गादी आणली. काका तिला जवळ घेत, पण घेतलं की पहिल्यांदा तिची बाही वर सरकवत आणि दंडावरून अंगठा फिरवत. दंड गुळगुळीत. थोडा वेळ जायचा की पुन्हा बघत. लेक म्हणायची, "बाबा, आता टोचत नाहीत." त्यांना ते ठाऊक होतं. तरी एक दिवस पोरीला कडेवर घेऊन ते बाईंच्या घरी गेले.

"एकदाच टोचा हिला," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

बाई आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी काकांना बसवलं आणि हळू आवाजात समजावलं. "लसच उरली नाही, काका. गरजच नाही. हिचा दंड कोरा आहे यातच सगळं आलं."

काका तसेच परत आले. वाटेत त्यांनी दोनदा बाही वर करून बघितली.

ती चार वर्षांची झाली, आणि एका दुपारी त्यांच्या मांडीवर बसली असताना तिने त्यांच्या गालावरच्या खळग्यात बोट घातलं. काकांनी तोंड पुढे केलं. आत भाजी चिरणाऱ्या लेकीचा हात थांबला.

"आजोबा, ही भोकं कसली?"

"देवीची."

"देवी म्हणजे?"

अख्ख्या गल्लीत तिच्या वयाच्या एकाही पोराला तो शब्द माहीत नव्हता. काकांनी लेकीकडे बघितलं. लेकीने मान फिरवली.

"असायच्या पूर्वी," काका म्हणाले. "आता गेल्या."

पोरीचं तेवढ्याने समाधान झालं. मांडीवरून उतरून ती खेळायला पळाली. काका बराच वेळ तोंड तसंच पुढे करून बसले होते.